डेरेदार अंबाडी: पेरणीपासून स्वतःच्या वाणापर्यंत

विदर्भात अंबाडी असते ती धुऱ्यावर (बांधावर), पऱ्हाटीच्या म्हणजे कपाशीच्या कडेच्या तासात, तुरीच्या ओळीत मूठभर टाकलेली, नाहीतर सांदवाडीत, म्हणजे घराजवळच्या परसात. पीक म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. त्यामुळे ती बहुतेक ठिकाणी सरळसोट वाढते, वर चार पानं आणि खाली उघडा दांडा. हीच अंबाडी कमरेएवढ्या उंचीची, बुडापासून फांद्या फुटलेली आणि पानांनी गच्च भरलेली करता येते. गुंठाभर जागेत अशी अंबाडी असली तर आषाढापासून दसऱ्यापर्यंत घरची भाजी होते, शेजारी-पाजारी देऊन बाजारातही नेता येते, आणि दिवाळीनंतर बोंडं मिळतात ती वेगळीच.

यासाठी महागडं काही लागत नाही. बी, पेरणीची तारीख, दोन झाडांतलं अंतर आणि शेंड्याची खुडणी, एवढ्या चार गोष्टींवर झाडाचा डेरा ठरतो. त्यातही बी सगळ्यात आधी. आपल्याकडे होतं असं की जे झाड चांगलं पानाळू असतं त्याची पानं आपण सारखी ओरबाडतो, आणि जे किडकिडीत, लवकर फुलावर आलेलं असतं ते दुर्लक्षित राहून बी धरतं. पुढच्या वर्षी तेच बी पेरलं जातं. वर्षानुवर्षं आपण नकळत वाईट झाडाचीच निवड करत आलोय. ही सवय मोडणं हा या लेखाचा खरा गाभा आहे, लागवडीची कृती त्याच्या भोवती आहे.

आधी ओळख पटवा

आपण ज्याला अंबाडी म्हणतो ती दोन वेगळी झाडं आहेत. एक दोराची अंबाडी, शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस. हिची वरची पानं पंजासारखी चिरलेली, दांड्यावर बारीक काटे, फूल फिकट पिवळं आणि मध्ये गडद तांबडा डाग. हिच्या वाखाचे, म्हणजे दांड्याच्या सालीतल्या धाग्यांचे, दोर, दावी आणि कासरे पूर्वी घरोघरी वळले जायचे. दुसरी आंबट अंबाडी किंवा लाल अंबाडी, हिबिस्कस सबदारिफा. हिची बोंडं मांसल, गर्द लाल किंवा फिकट हिरवट असतात, त्यांचं सरबत आणि चटणी होते. पानांची भाजी दोन्हींची होते, पण आंबटपणा दुसरीत जास्त.

आंबट अंबाडीतही परत दोन घराणी आहेत. एक उंच, बिनफांद्यांची, खास वाखासाठी वाढवलेली. दुसरी ठेंगणी, बुडापासून फांद्या फुटणारी. संशोधन केंद्रांनी वाखासाठी काढलेल्या बहुतेक वाणांत सरळ, फांद्या नसलेला दांडा हाच गुण मुद्दाम आणलेला असतो, कारण फांदी आली की वाख तुटक निघतो. आपल्याला हवं ते नेमकं उलटं. त्यामुळे चांगलं प्रमाणित बी म्हणून कुणी वाखाचा वाण दिला तर तो डेरेदार भाजीसाठी घेऊ नका. गावातल्या म्हाताऱ्या बाईच्या गाडग्यातलं बोंडाच्या अंबाडीचं बी त्याहून कितीतरी उपयोगाचं. चार-पाच घरांतून मूठमूठ बी मागून आणा आणि वेगवेगळ्या पुड्यांत ठेवा, एकत्र मिसळू नका.

एक सावधगिरी. दोराच्या अंबाडीचं पान लांबून गांजाच्या पानासारखं दिसतं, आणि कॅनाबिनस हे नाव त्यावरूनच पडलंय. गांजाचं झाड लावणं १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे अनोळखी माणसाकडून आलेलं बी पेरू नका, आणि कोणी शंका घेतली तर फरक दाखवता आला पाहिजे. अंबाडीच्या पानाच्या पाकळ्या बुडाशी एकमेकींना जोडलेल्या असतात, गांजाच्या पानाचे भाग देठापर्यंत सुटे असतात. अंबाडीचं पान चावलं की आंबट लागतं, चोळलं की हाताला चिकट लागतं आणि त्याला उग्र वास नसतो. शिवाय फूल जास्वंदीच्या घराण्याचं, मोठं आणि ठसठशीत.

तारीख चुकली तर पुढचं सगळं वाया

अंबाडी दिवसाची लांबी ओळखते. दिवस मोठा असेपर्यंत ती फक्त पानं आणि फांद्या वाढवते, दिवस साधारण साडेबारा तासांच्या खाली आला की तिचं लक्ष फुलाकडे वळतं. आपल्या भागात २१ जूनला दिवस सव्वातेरा तासांहून मोठा असतो, आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो साडेबारा तासांवर येतो. म्हणजे पोळ्याच्या आगेमागे झाडाच्या आत बदल सुरू होतो, मग तुम्ही बी जूनमध्ये पेरलेलं असो की ऑगस्टमध्ये.

मृगात पेरलेल्या झाडाला पानांसाठी ८० ते ९० दिवस मिळतात. तेच बी १५ ऑगस्टला टाकलं तर झाड गुडघ्याएवढं असतानाच कळ्या धरतं, मग कितीही खत घाला, डेरा येत नाही. मृगाचा चांगला पाऊस झाला की लगेच पेरा. पाऊस लांबला आणि विहिरीला पाणी असेल तर जूनच्या पहिल्या आठवड्यात ओलवून पेरायलाही हरकत नाही. उन्हाळ्यात भाजीसाठी छोटा वाफा करता येतो, पण ती रोपं महिना-सव्वा महिन्यात उपटून खायची. त्यांच्याकडून डेऱ्याची अपेक्षा ठेवू नये.

जागा आणि पेरणी

काळ्या भारी जमिनीत अंबाडी जोमाने येते, पण लहानपणी बुडाशी पाणी साचलेलं तिला अजिबात सहन होत नाही. यवतमाळ-अमरावतीच्या काळ्या मातीत सपाट पेरणी करू नका, सरी पाडून वरंब्यावर बी टोबा. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत नव्हे, बांधावर लावतात, तेच योग्य. मागच्या वर्षी भेंडी किंवा पऱ्हाटी होती ती जागा शक्यतो टाळा. तिघी एकाच घराण्यातल्या, त्यामुळे मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी आणि पिठ्या ढेकूण एकीवरून दुसरीवर सहज येतात.

एका गुंठ्याचा हिशेब सांगतो. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट. दोन ओळींत दोन फूट आणि दोन झाडांत दीड फूट ठेवलं तर सुमारे ३६० झाडं बसतात. अंतर बघून मन कचरतं, एवढी जागा मोकळी कशाला असं वाटतं. पण वाखाच्या अंबाडीची पेरणी दाट करतात ती झाडाने सरळ वर जावं म्हणूनच. दाटीत झाड उजेडासाठी उंचीकडे पळतं, खालची पानं गळतात आणि बुडखा उघडा पडतो. डेरा हवा असेल तर बुडाशी उजेड पडला पाहिजे.

पेरणीआधी १५० ते २०० किलो चांगलं कुजलेलं शेणखत पसरून वखरणी करा. ४० ते ५० ग्रॅम बी पुरतं. त्याला ट्रायकोडर्मा चोळून घ्या, किलोला ५ ते १० ग्रॅम या प्रमाणात, म्हणजे तुमच्या बियाण्याला चिमूटभरच. बुडकूज या पिकाचा मोठा शत्रू आहे, त्यासाठी हा उपाय स्वस्त आहे. एका ठिकाणी दोन-तीन बिया, अर्धा-पाऊण इंच खोल. ओल असली तर चार-पाच दिवसांत उगवतं. रोपं वीतभर झाली की विरळणी करून एका जागी एकच ठेवा. उपटलेली कोवळी रोपं म्हणजे पहिली भाजी.

सुरुवातीचा महिना निंदणाला ढिलाई नको. नंतर झाडाची सावलीच गवत दाबते. युरिया पूर्ण हंगामात गुंठ्याला किलोभर पुरे, तोही तीन हप्त्यांत: विरळणीनंतर, पहिल्या खुडणीनंतर आणि मग तीन आठवड्यांनी. एकदम टाकला तर झाड लुसलुशीत होतं, मावा आणि तुडतुडे त्यावरच तुटून पडतात.

शेंडेखुड

झाडाचा सगळ्यात वरचा कोंब एक संप्रेरक तयार करतो. ते खाली उतरतं आणि पानांच्या बगलेत झोपलेल्या डोळ्यांना फुटू देत नाही. कोंब काढला की हा अडसर जातो, आणि बगलेतले डोळे आठवडाभरात फुटतात. तुरीचे शेंडे खुडणाऱ्या शेतकऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, अंबाडीत तर ते त्याहूनही सहज साधतं.

पहिली खुडणी पेरणीनंतर ३० ते ३५ दिवसांनी करा. झाड दीड फुटाच्या आसपास आणि आठ-दहा पानांवर असतं. खालची पाच-सहा पानं मोजा आणि त्यांच्या वर खुडा. नुसतं टोक चिमटीत पकडून तोडलं तर वरचे दोनच डोळे फुटतात आणि झाड दुबेळकं होतं. थोडं खालून खुडलं तर चार-पाच फांद्या बुडाजवळून निघतात, आणि डेऱ्याचा पाया तिथेच पडतो. पहिल्यांदा एवढं कापायला हात धजत नाही, पण खुडा.

दुसरी खुडणी तीन आठवड्यांनी. आता प्रत्येक बगलफांदीवर चार-पाच पानं आली असतील, तिचा शेंडा दोन-तीन पानं ठेवून काढा. चार फांद्यांच्या दहा-बारा होतात. काही झाडांत एखादीच फांदी बाकीच्यांना मागे टाकून वर जाते, तिला जास्त खालून कापा, म्हणजे बाकीच्यांना उजेड मिळतो.

पाऊस चालू असताना खुडू नका. उघडीप बघून, सकाळचं दव सुकल्यावर, कोवळा भाग नखाने आणि जून भाग धारदार विळ्याने. कोणत्याही झाडाचं बूड काळं पडलेलं दिसलं तर ते आधी उपटून बाजूला टाका आणि विळा धुतल्याशिवाय पुढच्या झाडाला लावू नका.

बोंडं हवी असतील तर मघा नक्षत्र लागल्यावर, म्हणजे १६-१७ ऑगस्टनंतर, शेंडे खुडणं थांबवा. त्यानंतर येणारी फांदी कळ्या धरणारी असते. नुसता पाला हवा असेल तर हे बंधन नाही.

तोडणी

दुसऱ्या खुडणीनंतर दर १०-१२ दिवसांनी भाजी तोडता येते. पानं ओरबाडू नका, कोवळा शेंडा दोन-चार पानांसकट खुडा आणि खाली दोन पानं राहू द्या. अशी तोडणी स्वतःच एक शेंडेखुड असते, म्हणून नियमित तोडलेलं झाड जास्त घनदाट होतं. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त पाला काढू नका.

अंबाडीत ऑक्सॅलिक आम्ल बरंच असतं. पानं उकडून पहिलं पाणी पिळून टाकायची आपली जुनी रीत त्यासाठीच चांगली आहे. तुरीची डाळ, ज्वारीच्या कण्या आणि वरून लसणाची फोडणी घातली की आंबटपणा बेताचा होतो. ॲल्युमिनियमच्या किंवा बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ही भाजी शिजवू नका. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी जपूनच खावी.

कपाशीचा फवारा

हे कळकळीने सांगतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ज्या औषधांनी फवारणाऱ्याचा जीव जातो, तीच औषधं पऱ्हाटीच्या कडेच्या तासातल्या अंबाडीच्या पानांवर उडत असतात, आणि संध्याकाळी बाई तीच भाजी ओच्यात घेऊन घरी जाते. कपाशीच्या काठची अंबाडी वाखासाठी किंवा बियाण्यासाठी असू द्या, खायची अंबाडी फवारा पोचणार नाही अशा ठिकाणी लावा. सांदवाडी त्यासाठी सर्वांत चांगली.

घरच्या अंबाडीवर मावा, पांढरी माशी किंवा तुडतुडे दिसले तर निंबोळी अर्क भागवतो. अर्धा किलो निंबोळीचा चुरा रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, १० लिटर द्रावण करा आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने मारा. पिठ्या ढेकूण एखाद्या फांदीवर असेल तर फांदीच कापून जाळा. शिरा पिवळ्या पडून पान जाळीदार दिसू लागलं तर तो विषाणू आहे, पांढरी माशी तो पसरवते. ते झाड बरं होत नाही आणि त्याचं बी तर धरायचंच नाही.

बियाण्याची झाडं

आता मुख्य काम. पहिल्या वर्षी काहीही संकर वगैरे करू नका, नुसतं निरखा. प्रत्येक घरून आणलेल्या बियाण्याची वेगळी ओळ असू द्या. पहिली खुडणी करण्याआधी, साधारण महिन्याच्या झाडात, दोन पानांमधली कांडी बघा. ज्याच्या कांड्या आखूड आणि न खुडताच बगलेतले डोळे हलू लागलेत ते झाड उपजत डेरेदार. खुडणीनंतर सगळीच झाडं बरी दिसतात, तेव्हा हा फरक झाकला जातो, म्हणून वेळ महत्त्वाची. अशा २०-३० झाडांना रंगीत चिंधी बांधा.

ऑगस्टमध्ये या चिंधीवाल्यांतूनच परत निवड. पान रुंद आणि जाड आहे का, बुडाची पानं अजून टिकून आहेत का, दांड्यावर काटे कमी आहेत का, रोग आहे का. सप्टेंबरमध्ये शेवटची चाळणी: जे झाड सगळ्यांत आधी कळीवर आलं त्याची चिंधी सोडा. उशिरा फुलणारं झाड आठ-दहा दिवस जास्त पानं देतं, हा गुण बियातून उतरतो. शेवटी आठ-दहा झाडं उरतील. त्यांची भाजी तोडू नका. घरच्यांना आणि शेजाऱ्यांना हे सांगून ठेवा, नाहीतर चिंधीसकट पाला भाजीत जातो.

अंबाडीचं फूल द्विलिंगी असतं, पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. मिटताना परागकोश आतल्या टोकांवर दाबले जातात, त्यामुळे बहुतेक फळधारणा स्वतःच्याच परागावर होते. मधमाश्या थोडी सरमिसळ करतात. बी पूर्ण शुद्ध हवं असेल तर उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी कळीच्या टोकाला सुती दोरा हलका बांधा, ती उमलणारच नाही आणि स्वतःच फळेल. झाडामागे आठ-दहा कळ्या बांधल्या तरी पुरतं, एका बोंडात वीसेक बिया असतात. आंबट आणि दोराची अंबाडी शेजारी असली तरी काळजी नको. एकीची गुणसूत्रं ७२, दुसरीची ३६, त्यांचा संकर सहजासहजी होत नाही. लाल आणि हिरवी आंबट अंबाडी मात्र एकमेकींत मिसळते.

प्रत्येक झाडाचं बी वेगळ्या पुडीत, पुडीवर ओळीचा क्रमांक. पुढच्या वर्षी एका झाडाच्या बियांची एक ओळ करा. जी ओळ बुडापासून शेवटपर्यंत सारखी डेरेदार निघेल ती खरी. जिच्यात चार झाडं चांगली आणि सहा सरळसोट, तिच्यातून चार झाडं घेऊन परत तेच करा. तीन-चार वर्षांत ओळ पक्की होते.

संकर करायचा असेल तर

समजा एक हिरवी अंबाडी उत्तम डेरेदार आहे पण तिची बोंडं पातळ, आणि एक लाल अंबाडी बोंडाला भरदार पण फांद्यांना कमी. हिरवीला आई करा. उद्या उमलणारी कळी आज दुपारी चारनंतर निवडा. ती लांबट झालेली आणि टोकाला पाकळीचा रंग डोकावत असलेली असते. पाकळ्या हलक्याने बाजूला करून मधल्या दांड्याभोवतीचे सगळे परागकोश बारीक चिमट्याने काढा, टोकावरच्या पाच गाठींना धक्का लागू देऊ नका. वरून कागदी पिशवी बांधा. ज्या लाल कळीचा पराग घेणार तिलाही पिशवी घाला. सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान लाल फूल तोडून त्याचा पराग त्या पाच गाठींवर घासा, पिशवी परत बांधा आणि देठाला चिठ्ठी लावा. अशी दहा-पंधरा फुलं करा, सगळी धरत नाहीत.

हिरवीला आई करण्यामागे कारण आहे. लाल रंग हिरव्यावर मात करतो. पुढच्या वर्षी या बियांतून जी रोपं दांड्याला लाली घेऊन उगवतील तीच खऱ्या संकराची, निखळ हिरवी दिसली ती आईच्याच परागाची. ती उपटून भाजीला वापरा.

पहिल्या पिढीत सगळी झाडं जवळपास सारखी असतात, त्यात निवडायला काही नसतं. त्यांना आपापलं फळू द्या. दुसऱ्या पिढीत गुण विखुरतात आणि खरी निवड तिथे होते, म्हणून ही पिढी मोठी लावा, किमान १०० झाडं, जागा असेल तर २००. हिरवी की लाल, डेरेदार की सरळ, गुणांच्या सगळ्या जोड्या समोर येतात. डेरा आणि भरदार बोंड दोन्ही असलेली झाडं थोडीच सापडतील. तेवढीच ठेवा. पुढे प्रत्येक पिढीत कळ्या बांधून बी धरत गेलं की मिश्रपणा दर वेळी निम्मा होतो: दुसऱ्या पिढीत ५० टक्के, तिसऱ्यात २५, सहाव्यात जेमतेम ३. म्हणजे संकराच्या दिवसापासून पक्क्या वाणापर्यंत सहा-सात पावसाळे. घाई करून तिसऱ्या वर्षी बी वाटलं तर लोकांच्या वावरात ते विखुरतं आणि नाव तुमचं खराब होतं.

असा वाण तयार झाला तर तो तुमचा आहे. २००१ च्या वनस्पती वाण व शेतकरी हक्क संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचं बी राखायला, पेरायला, अदलाबदल करायला आणि विकायलाही मुभा आहे. अट एवढीच की संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून विकता येत नाही. शेतकऱ्याचा वाण म्हणून नोंदणीही करता येते. त्यासाठी तुमच्या चिठ्ठ्या आणि ओळींची वही उपयोगी पडेल, ती जपा.

बी काढणं आणि ठेवणं

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बोंडी तपकिरी होऊन तडकू लागते. दोराच्या अंबाडीच्या बोंडीवरची कूस अंगाला फार खाजवते, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून आणि तोंडाला दुपट्टा बांधूनच काढा. आंबट अंबाडीची बोंडी वाळली की उलते आणि बी सांडतं, म्हणून पहिल्या तडकलेल्या बोंडीबरोबर फांदी कापून ताडपत्रीवर वाळवा. काठीने झोडपून, सुपात पाखडून घ्या.

बी दाताखाली कटकन फुटेपर्यंत उन्हात वाळू द्या, मग सावलीत थंड करून हवाबंद डब्यात राखेबरोबर भरा. ओलसर बी पावसाळ्यापर्यंत टिकत नाही. एका वर्षाचं बी सर्वांत चांगलं, दोन वर्षांनंतर उगवण घटते. दरवर्षी थोडं बी मागे राखून ठेवा, एखाद्या वर्षी बुडकुजीने सगळं नेलं तर वाण बुडणार नाही.

मे महिन्याच्या अखेरीस प्रत्येक पुडीतल्या १०० बिया ओल्या गोणपाटात गुंडाळा. पाच दिवसांनी उघडून मोजा. ८० च्या वर उगवल्या तर ठरल्याप्रमाणे टोबा, ६०-७० असतील तर एका जागी चार बिया टाका, त्याहून कमी असतील तर राखून ठेवलेलं बी काढा.